जुनी जिप्सी: समोरच्या डाव्या चाकातला आवाज. बेरिंग बदललं, आवाज तिथंच!

फुटाळा_फोर_बाय_फोर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. गाडी मारुती जिप्सी, १३०० सीसी एमपीएफआय, सॉफ्ट टॉप, पासिंग एमएच ३१. समोरच्या डाव्या चाकातून आवाज येऊन राहिला आहे आणि आता डोकं चालेनासं झालं, म्हणून धागा काढतोय.

आवाज असा: कर्र... टक, कर्र... टक. सतत नाही, मधूनच गायब होतो. साधारण २५ ते ५० च्या वेगात. सकाळी गाडी गार असताना जास्त, वर्धा रोडनं अर्धा तास चालवली की बराच कमी. क्लच दाबला, गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तरी आवाज तोच. म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा संबंध नसावा. ब्रेकवर हलका पाय ठेवला तरी फरक नाही. स्टिअरिंगमध्ये थरथर नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही.

मागची गोष्ट: पावसाळ्यात देवलापारकडे मित्राच्या शेतावर गेलो होतो, वाटेत नाला होता, पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) वर. परत आल्यावर शहरातल्या एका गॅरेजला गाडी दिली. समोरचं सगळं ग्रीसिंग करून मिळालं. त्यानंतर काही आठवड्यांनी हा प्रकार सुरू झाला. त्याच गॅरेजनं बेरिंग गेलं म्हणून डाव्या चाकाचं आतलं-बाहेरचं बेरिंग आणि सील बदललं. आवाज जसाच्या तसा. आता म्हणतात सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला जोर पोचवणारा शाफ्टचा सांधा) गेला, अख्खा शाफ्टच बदलू. त्याआधी तुम्हाला विचारतो.

सदर_बाजार

टायरच्या खाचेत खडा अडकला असंल बे. पहिले ते पाय.

फुटाळा_फोर_बाय_फोर

पाहिला. चाकं मागं-पुढं अदलाबदलही केली. आवाज डाव्या समोरच्याच कोपऱ्यात.

कात्रजचा_घाट

जिप्सीत आवाज येत नसेल तर काळजी करायची! विका ती आणि जिम्नी घ्या, राव.

सदर_बाजार

आले पुण्याहून. विकायचं असतं तर धागा काढला असता का भाऊ?

हिंगणा_रोड

एक विचारू का? आवाज ऐकता कुठल्या रस्त्यावर? आपल्या नागपुरात जिकडे तिकडे सिमेंटचे रस्ते झाले. त्यावर आडव्या रेघा मारलेल्या असतात, जाड नक्षीचे टायर त्यावर असे घुमतात की चांगलं बेरिंगही गेल्यासारखं वाटतं. माझ्या बोलेरोचं मी हेच करून घेणार होतो. मग आउटर रिंग रोडला लागून एक जुना डांबरी तुकडा आहे, तिथं नेली तर एकदम चिडीचूप. बेरिंगची घूं-घूं पारखायची तर डांबरावर पारखा.

फुटाळा_फोर_बाय_फोर

मुद्दा बरोबर आहे, पण माझा आवाज घूं-घूं नाही, खरडल्यासारखा आहे. डांबरावर तर उलट जास्त स्पष्ट ऐकू येतो.

कोराडीचा_फिटर

उशिरा पाहिला धागा. वीज केंद्रात फिरत्या यंत्रांजवळ नोकरी गेली, त्यामुळं आवाज म्हटला की राहवत नाही. थोडं लांब लिहितो, वाचायचा कंटाळा करू नका.

गॅरेजवाले पार्ट बदलून पाहतात. आपण पार्ट न बदलता काय फिरतंय ते बदलून पाहायचं. जिप्सीत ही सोय कंपनीनंच दिली आहे, बहुतेक लोक ती वापरत नाहीत. समोरच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी जी फिरवायची चकती आहे, फ्री आणि लॉक लिहिलेली, तीच तुमचं निदानाचं हत्यार.

ही चकती कशासाठी आली ते समजलं की पुढचं आपोआप समजतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या जीपा नागरिकांच्या हाती आल्या. त्या साध्या रस्त्यावर चालवताना समोरचा शाफ्ट, डिफरन्शियल (दोन्ही चाकांत जोर वाटणारी गिअरपेटी), प्रोपेलर (तिच्यापर्यंत जोर आणणारा लांब दांडा) उगाच फिरत राहायचे. पेट्रोल जास्त, झीज जास्त. आर्थर वॉर्न नावाच्या माणसानं १९४८ च्या सुमारास चाक आणि शाफ्ट यांची जोड हातानं सोडता येईल असे हब विकायला सुरुवात केली. आपल्या जिप्सीत तत्त्व तेच. फ्री केलं की चाक एकटं फिरतं, शाफ्ट आत उभा. लॉक केलं की आतली दातेरी रिंग सरकते आणि चाक-शाफ्ट एक होतात.

आता तीन फेऱ्या मारा.

पहिली, दोन्ही हब फ्री, लिव्हर टू-एचवर (इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना). या वेळी समोर फक्त चाक, टायर, बेरिंग आणि ब्रेकची डिस्क फिरते. बाकी सगळं उभं.

दुसरी, दोन्ही हब लॉक, लिव्हर टू-एचवरच. आता चाकं आपल्या जोरावर शाफ्ट, सीव्ही जॉइंट, डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन आणि समोरचा प्रोपेलर फिरवतात, पण त्यांच्यावर इंजिनाचा भार नाही. डांबरावर चालेल, काही बिघडत नाही.

तिसरी, हब लॉक, लिव्हर फोर-एच (जोर चारही चाकांना). भारासकट. ही मात्र मोकळ्या मातीच्या मैदानातच. जिप्सीत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधलं डिफरन्शियल नाही. वळताना समोरची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक कोरड्या डांबरावर कुठं जिरत नाही. सगळी ट्रान्समिशन पिळवटते, टायर घासतात, लिव्हर अडकून बसते. मग तो नवाच आवाज घेऊन इथं याल.

फक्त दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आवाज असेल तर शाफ्ट, सीव्ही, क्रॉस (प्रोपेलरच्या टोकाचा सांधा), डिफरन्शियल यांच्याकडे बघायचं. त्यातही स्टिअरिंग पूर्ण तोडून, म्हणजे शेवटपर्यंत वळवून, हळू चालवताना कट-कट-कट वाढली तर सीव्ही. हळू वेगात उंदरासारखं चीं-चीं करत असेल तर प्रोपेलरचा क्रॉस कोरडा पडला, त्याच्या सुया गंजल्या. पहिल्या फेरीत आहे आणि बाकीच्यांतही तसाच आहे, तर बेरिंग किंवा ब्रेक. कारण ती दोन्ही तर प्रत्येक वेळी फिरणारच.

एक खडूची रेघ टायरवर मारा. कोणाला तरी सोबत चालायला सांगा आणि गाडी अगदी चालीच्या वेगानं न्या. चाकाच्या एका फेऱ्यात एकच टक असेल तर चाक, डिस्क, टायर. हब लॉक असताना समोरचा प्रोपेलर चाकाच्या एका फेऱ्यात चारेक वेळा फिरतो, त्या तालात आवाज असेल तर तिकडे बघा. काहीच ताल नसेल तर तेही सांगा, त्यालाही अर्थ आहे.

रामटेकची_पोर

काका, भारी लिहिलंत. मी त्यात जॅकवरची तपासणी जोडते. आमच्या घरी जुनी एमजी ४१० (जिप्सीचंच आधीचं मॉडेल) आहे, बाबा अजून शेतात नेतात, त्यामुळं हे हातानं केलेलं आहे.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उटी लावा, एक्सलखाली जॅक लावून समोरचं चाक उचला आणि स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर हात घालू नका. हब फ्री. टायर वरून आणि खालून धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) लागला तर लोक लगेच बेरिंग म्हणतात. थांबा. घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेरिंगचा होता. तसाच राहिला तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीचा. जिप्सीचा समोरचा एक्सल अखंड आहे, बॉल जॉइंट नाहीत, वर-खाली किंगपिन आणि त्यांची बेरिंगं आहेत. ती सैल झाली की पन्नास-साठच्या वेगात खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग जे नाचायला लागतं ना, ते विसरता येत नाही. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ लागला तर टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक).

आणि चाकामागचा तो गोल चेंडूसारखा भाग, त्याच्यावर बोट फिरवून बघा. ग्रीसचा पातळ थर असेल तर ठीक. पातळ तेल गळत असेल तर आतलं एक्सल सील गेलं आहे, डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये (त्या चेंडूच्या आत) येऊन सीव्हीचं ग्रीस धुऊन काढतंय.

उमरेडचा_सफारीवाला

दादा, मी कऱ्हांडला अभयारण्याच्या गेटवर जिप्सी चालवतो. आमच्याकडे समोरून टक-टक आली की सीव्हीच निघते. रोज कच्च्या रस्त्यावर स्टिअरिंग तोडून गाडी वळवा लागते, दुसरं काय होईन? गॅरेजवाला चुकीचं नाही सांगून राहिला.

कोराडीचा_फिटर

भाऊ, तुझी गाडी हब लॉक ठेवून चालते का?

उमरेडचा_सफारीवाला

माझ्या गाडीले हबच नाही जी. फिक्स फ्लँज बसवली आहे, चकतीच नाही. शाफ्ट सदा फिरते.

कोराडीचा_फिटर

हा तर फरक आहे. तुझ्याकडे सीव्ही दिवसभर फिरते, म्हणून सीव्ही जाते. यांची फ्री असताना सीव्ही उभी. उभा जॉइंट आवाज कसा करेल? आधी फेऱ्यांचा निकाल येऊ दे.

फुटाळा_फोर_बाय_फोर

निकाल घेऊन आलो. रविवारी पहाटे काटोल रोडनं गोरेवाड्याच्या बाजूला गेलो, रस्ता रिकामा होता. भाच्याला सोबत घेतलं, आणि एक जुना मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून डाव्या पाट्याला (लीफ स्प्रिंगला) केबल टायनं बांधला. आत बसून जे ऐकू येतं त्यापेक्षा हे कितीतरी साफ.

फ्री, टू-एच: आवाज आहे. कर्र-टक, कर्र-टक. खडूच्या रेघेशी ताल जुळत नाही. कधी एका फेऱ्यात दोन-तीन टक, कधी दोन फेरे शांत.

लॉक, टू-एच: काहीच नाही!! भाच्याला वाटलं मोबाइल बंद पडला.

लॉक, फोर-एच, मैदानात: तरीही काही नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण तोडून गोल फिरवली, कट-कट नाही.

ताईंनी सांगितलेली जॅकवरची तपासणीही केली. खेळ कुठंच नाही. चेंडू कोरडा, स्वच्छ. फ्री असताना चाक हातानं फिरवलं तर मधेच एखादा हलका अडथळा लागतो आणि आतला शाफ्ट थोडा ओढल्यासारखा होतो. उजव्या चाकाला असं काही नाही.

आता हे काय? लॉक केल्यावर आवाज जातो म्हणजे जास्त वस्तू फिरल्या तर कमी आवाज?

हिंगणा_रोड

म्हणजे बेरिंग तर नक्की नव्हतं. ते तर तिन्ही फेऱ्यांत फिरत होतं. उगाच बदललं की हो.

उमरेडचा_सफारीवाला

थांबा थांबा. मंग सीव्ही नाही, माझं चुकलं. हे हबचं लफडं आहे. चकती फ्रीवर दिसते, पण आतली रिंग पुरी मागे सरकत नसंन. दात अर्धे अडकून खरडते. मी फ्लँज बसवली ती याच्यापायीच, पहिल्या मालकाच्या वेळी अशीच झाली होती म्हणे.

एक करून पहा दादा. हब फ्रीच ठेवा, गाडी उभी करून लिव्हर फोर-एचवर टाका, अन् सरळ हळू चालवा. शाफ्ट इंजिनानं फिरन, चाक रस्त्यानं फिरन, दोघाची गती सारखी. आवाज गेला पाहिजे. वळवलं की दोघाच्या गतीत फरक पडन, तेव्हा एखाद-दुसरी टक येईन. तसं झालं तर शंभर टक्के हब.

कोराडीचा_फिटर

वा! हे मला सुचायला हवं होतं. करून बघा. हब फ्री असताना फोर-एच टाकलं तर समोरच्या चाकांना जोर जात नाही, त्यामुळं डांबरावरही पिळवटण्याचा प्रश्न नाही. अंतर थोडं ठेवा म्हणजे झालं.

ताल न जुळण्याचं कारणही यात बसतं. अर्धे अडकलेले दात शाफ्टला थोडं ओढत नेतात, मग सुटतात, मग परत पकडतात. कर्र म्हणजे खरडणं, टक म्हणजे सुटणं. गार असताना घट्ट ग्रीसमध्ये रिंग अडकून राहते, गरम झाल्यावर ग्रीस सैल होऊन ती थोडी मागं जाते. तुमचं पहिल्या पोस्टमधलं वाक्य, अर्धा तास चालवली की कमी, ते आता वाचा.

फुटाळा_फोर_बाय_फोर

सरळ रस्त्यावर आवाज गायब. वळणावर टक. तुमच्या पाया पडतो.

संध्याकाळी हब उघडतो.

सदर_बाजार

उघडताना फोटो काढजो. अन् बोल्ट एका वाटीत ठेवजो, नाहीतर रात्रभर अंगणात टॉर्च घेऊन फिरशीन.

फुटाळा_फोर_बाय_फोर

उघडलं. कव्हरचे बोल्ट काढून टोपी ओढली तर आधी हलेचना, रबरी हातोडीनं हलकं टकटक केल्यावर सुटली. आत रिंग दिसतच नव्हती. वरपर्यंत ग्रीस ठासलेलं. बेरिंगमध्ये भरतात ते जाड लालसर ग्रीस, पण रंग चहासारखा झालेला. चिमटीत घेऊन चोळलं तर बोटांना बारीक रेती लागली. नाल्याचीच असणार, आणि पुसून न काढता त्यावरच नवीन ग्रीस दाबलेलं.

सगळं घासलेटमध्ये बुडवून ब्रशनं धुतलं. मग खरा प्रकार दिसला. रिंग खोबणीत तिरकी अडकून होती, चकती फ्रीवर असूनही दातांची टोकं शाफ्टच्या दातांना लागत होती. तेवढ्याच टोकांना चकाकी आली आहे, कडा नखाला गोल लागतात. बाकी दात काळसर, जसेच्या तसे. स्प्रिंग तुटलेली नाही.

गॅरेजला फोन केला. म्हणे, ग्रीस जास्त झालं म्हणून कधी काही बिघडतं का साहेब.

आता प्रश्न: हेच हब परत वापरू की नवीन घेऊ?

कोराडीचा_फिटर

या हबला बिघडतं, साहेब. बेरिंग ग्रीसमध्ये बुडालेलं चालतं, हबची रिंग नाही. तिला सरकायला जागा हवी. बोटावर घेतलेलं पातळ ग्रीस दातांवर आणि खोबणीत पुसल्यासारखं लावायचं, बस. डोळ्यांना ग्रीस दिसलं की जास्त झालं समजा.

कडा किती गोल झाल्या ते बघा. दाताच्या बाजू सपाट असतील आणि फक्त टोक घासलं असेल तर वापरा. लॉकमध्ये भार बाजूंवर येतो, टोकावर नाही. बाजूच गोल झाली असेल तर बदला, नाहीतर चढावर जोर लावताना रिंग निसटेल, आणि त्या वेळी मागं उतार असतो.

बसवताना चकती फ्रीवर ठेवूनच कव्हर लावा. पॅकिंग नवीन टाका, जुनं चिकटवू नका. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. मग गाडीवर न चढता चाक हातानं फिरवत फ्री-लॉक पाच-सहा वेळा करा. प्रत्येक वेळी चकती बोटांनी फिरली पाहिजे, पक्कड लावायची नाही. पक्कड लावली की प्लास्टिक-अॅल्युमिनियमचं जे काही आहे ते हातात येतं.

रामटेकची_पोर

हब उघडंच आहे तर शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवून बघा. स्पिंडलच्या (चाक ज्यावर फिरतं त्या पोकळ दांड्याच्या) आत शाफ्टला आधार देणारी बुश असते. फ्री असताना चाक त्या उभ्या शाफ्टभोवती फिरतं. रेती तिथंही गेली असेल तर बुश कोरडी पडून चिरचिरते.

आणि पाणी हबच्या वर होतं म्हणालात ना? मग डिफरन्शियलचं तेल बघितल्याशिवाय राहू नका. तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. वरची ब्रीदरची (आतली हवा ये-जा करू देणारी) नळी चिखलानं बुजलेली असेल तर ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते. ड्रेन बोल्ट थोडा सैल करा, थेंब पडू द्या. दुधाळ दिसलं तर पूर्ण तेल बदला.

हिंगणा_रोड

उजवं हबही त्याच गॅरेजनं ग्रीस केलं होतं ना? ते शांत आहे म्हणून सोडू नका.

फुटाळा_फोर_बाय_फोर

एकेकाचं उत्तर देतो.

दातांच्या बाजू सपाट आहेत, म्हणून तेच हब वापरलं. बुशमध्ये खेळ नाही, पण कोरडी होती, तिला ग्रीस दिलं. उजवं हब उघडलं, तिथंही तेच ठासलेलं ग्रीस, फक्त रेती कमी. साफ केलं. डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं, काकांनी विचारायच्या आधीच सांगतो, ब्रीदरची नळी मुळात बसलेलीच नव्हती, नुसती तोटी उघडी होती. तेल बदललं, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ टाकलं, नवीन नळी ओढून बॉनेटच्या आत वर बांधली. आठवडाभरानं परत एक थेंब काढून बघणार.

पॅकिंगसाठी कॉटन मार्केटच्या बाजूला फिरलो, तयार मिळालं नाही. शेवटी पॅकिंगचा कागद आणून कव्हरवर ठेवून गोलाकार कापला.

आज सकाळी अमरावती रोडनं वाडीच्या पुढं जाऊन आलो. डावीकडून काही नाही. आता मागच्या पाट्यातून शॅकलची (पाट्याच्या टोकाच्या कडीची) कुरकुर ऐकू यायला लागली, ती आधीपासून असावी, त्या कर्र-टकमध्ये दबली होती.

उमरेडचा_सफारीवाला

शॅकलच्या बुशा स्वस्त आहे दादा. पाट्याले डिझेल मारू नका, बुशचं रबर फुगते.

कात्रजचा_घाट

हे सगळं वाचून मला जिप्सी घ्यावीशी वाटतेय. बुकिंग तर २०१८ च्या शेवटीच बंद झालं. जुनी घेताना हब तपासायचं कसं, एवढं सांगा.

सदर_बाजार

आता कसं! आधी जिम्नी घ्या म्हणे.

कोराडीचा_फिटर

जुनी बघायला गेलात की मालकाला सांगा, हब लॉक करून दाखव. पक्कड शोधायला लागला तर पुढचं बोलणं त्या हिशेबानं करा. लॉक करून मैदानात फोर-एलमध्ये (जोर चारही चाकांना, पण वेग कमी) गाडी हलवा. समोरचं एक चाक जॅकवर उचलून, फ्रीमध्ये हातानं फिरवा, मधेच अडथळा लागतो का ते बघा. दोन्ही बाजूंना करा. एकच हब लॉक होत असेल तर समोरच्या एक्सलची सगळी ताकद फ्री राहिलेल्या बाजूच्या शाफ्टमध्ये फुकट फिरते. लिव्हर फोर-एचवर दिसते आणि गाडी मात्र मागच्या दोन चाकांवर.

एमएच_४०_ग्रामीण

माझ्या जुन्या स्कॉर्पिओ फोर बाय फोरच्या समोरूनही वळताना असाच आवाज येऊन राहिला. हेच करू का?

रामटेकची_पोर

दादा, स्कॉर्पिओचं समोरचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, अखंड एक्सल नाही, किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट. या धाग्यातलं अर्धंच लागू पडेल. वेगळा धागा काढा, आणि त्यात आवाज कोणत्या वेगात, कोणत्या वळणावर, गार की गरम, एवढं आधी लिहा.